गुरुवारच्या गोळ्या

"रडू येतं का?"

"कुणाला?"

"तुम्हाला हो, सिद्राम! गेल्या आठवड्यात किती वेळा रडू आलं?" डॉक्टर हत्तुऱ्यांनी पेन सरसावलं.

सिद्राम विचारात पडला. रडू आलं असतं तर बरंच झालं असतं की! त्याला ना रडू येत होतं ना हसू. पंचवीस वर्षं कारखान्यात बिघडलेले माग हातोडीच्या दोन ठोक्यांत सुरू करणारा हा जॉबर. संक्रांतीनंतर एका सकाळी तो उठला आणि चप्पल पायात घालायची सोडून तिच्याकडे बघत बसला, तो बसलाच. माग बंद पडला तर बिघाड कुठं आहे ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, पण स्वतःचं काय बंद पडलंय हे काही कळेना.

त्याच्या बायकोनं, चांगुणानं, एक उपाय बाकी ठेवला नव्हता. मीठमोहऱ्या उतरल्या, एरंडेल पाजलं, अक्कलकोटला पाच गुरुवार नेलं. शेवटी नळावर तिला बातमी लागली, की दवाखान्यात एक तरणा डॉक्टर उदास माणसं गोळा करतोय.

"गोळा करून काय करतोय?" सिद्रामनं विचारलं.

"नवी गोळी देऊन बघतोय, फुकट. आपल्या पेठेला गुरुवार दिलाय. तुमी नाव घालाच. तुमच्यावानी उदास मानूस अख्ख्या पेठेत न्हाय, पैला नंबर लागंल."

"पन गुरुवार स्वामींचा..."

"स्वामींनीच धाडलंय म्हना, अन् उठा!"

नंबर खरंच लागला. सही घेण्याआधी डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. बारा आठवडे गोळ्या. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी खडूची गोळी. कुणाच्या बाटलीत काय, हे मुंबईच्या औषध कंपनीकडं पाकिटात बंद.

"तुमाला तरी ठावं असंल की."

"मलाही नाही."

"मग तुमी डॉक्टर कशाचे?"

डॉक्टर हसले. मन नसेल तर येऊ नका, असंही म्हणाले. पण चांगुणा दाराबाहेर पदर खोचून उभी होती. सिद्रामनं सही केली.

दर वाराला वेगळी माणसं बोलावलेली होती. गुरुवारची सात. दहाला यायचं, नंबराची बाटली घ्यायची आणि डॉक्टरांच्या प्रश्नांसाठी व्हरांड्यात दुपारपर्यंत बसायचं. सातही उदास, त्यामुळं पहिले दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. मग डबे निघाले. प्रत्येकजण भिंतीकडं तोंड करून एकटाच खायला लागला, आणि सिद्रामला ते बघवेना. कारखान्यात असं कुणी खाल्लं असतं तर चोर ठरवला असता! तिथं सगळ्यांचे डबे मधे ठेवायचे आणि मिळून खायचं, ही रीत.

"आना की हिकडं," तो म्हणाला. चार महिन्यांत आपणहून बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

विड्या वळणाऱ्या रंभाबाईची शेंगाचटणी, पेन्शनर रावजींची कडक भाकरी, सगळं मधे आलं. जेवता जेवता रंभाबाई थबकली.

"का वो, निम्म्यांना खडू म्हंजे निम्मे उपाशीच की!"

मग सिद्रामनं आपल्या बाटलीचं बूच काढलं आणि गोळ्या डब्याच्या झाकणात ओतल्या.

"आपल्यात तसं नसतंय. वता समद्यांनी."

सात बाटल्या रिकाम्या झाल्या. रंभाबाईचा हात मोजणीत बसलेला. तिनं गोळ्या चांगल्या कालवल्या आणि सात सारखे वाटे केले. खरी-खोटी जी काय असेल ती सगळ्यांना सारखी! दर गुरुवारी हेच चालू झालं.

चौथ्या आठवड्यात सिद्राम रात्रभर झोपला. पाचव्यात तो कारखान्यात जाऊन एक माग चालू करून आला आणि चांगुणानं गल्लीत साखर वाटली. गुरुवारी तर तो पहाटेच उठून दाढी करायचा.

सहाव्या गुरुवारी डॉक्टर खुर्चीत बसायलाच तयार नव्हते.

"अहो, बाकीच्या वारांना काही बरे, काही जैसे थे. गुरुवारचे सातच्या सात सुधारले! एक तर खडूत औषध आहे, नाहीतर मी वेडा झालोय. आता हे सगळं कागदावर लिहून मुंबईला कळवतो."

सिद्राम मनात हिशेब करू लागला. खरं सांगावं तर गुरुवार गेला. गुरुवार गेला की पुन्हा ती चप्पल आणि ते बघत बसणं. ह्याची त्याला खरोखर भीती वाटली. गप्प बसावं तर कुणाला काय कळणार होतं? पण ह्या कागदावर विसंबून उद्या कुठल्या परक्या गावची चांगुणा आपल्या नवऱ्याला खडू चारत बसली तर?

त्यानं सगळं सांगून टाकलं. झाकणासकट.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता ते डोळे पुसायला लागले.

"सिद्राम, गुरुवारची सातही नावं यादीतनं कापावी लागणार."

"व्हय. मागावर बिघडलेला ताना कापावाच लागतो. चूक माजी हाय. त्यांना बोलू नगा."

"औषध बंद नाही करत. नेहमीची गोळी लिहून देतो, महिन्यातनं एकदा येऊन न्या. दर गुरुवारी यायची आता गरज नाही."

सिद्राम बाहेर आला. सहाजण त्याच्याकडे बघत उभे होते.

"आपली नावं कापली," तो म्हणाला. जानेवारीपासून अडलेलं रडू आत्ता, सगळ्यांसमोर, घळाघळा आलं. रावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रंभाबाईनं डब्याची कडी लावली.

"म्हंजे आता नंबराची भानगड न्हाय. मग पुढल्या गुरुवारी किती वाजता?"

सिद्रामनं बाहीला नाक पुसलं.

"दहालाच," तो म्हणाला. "अन् चटनी जरा जास्त आना."