हसरे सरांचं आनंदबीज

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग खिडक्यांचे कट्टे भरले, आणि उरलेली माणसं भिंतीला पालीसारखी चिकटून उभी होती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. स्टेजवर पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट आणि ओठांवर इस्त्री करून बसवलेलं हसू घेऊन एक गृहस्थ फिरत होते. त्यांना सगळे हसरे सर म्हणत. ते कुठल्या शाळेचे सर, हे विचारण्याच्या फंदात कुणी पडलं नव्हतं.

"मंडळी, दुःख कुठे असतं?" सरांनी माइकमध्ये विचारलं. "डोक्यात? चूक. मनात? साफ चूक. दुःख असतं दंडात. ज्याचा दंड ढिला, त्याचा आनंद ढिला."

हॉलभर माना डोलल्या. दोनचार जणांनी आपापले दंड चाचपूनही पाहिले.

नेमकी याच वेळी डॉक्टरीणबाई दारातून आत घुसल्या. बहिणीच्या बाळंतपणाला गेलेल्या त्या सकाळीच परतल्या होत्या. घराला कुलूप, आणि फोनवर नवऱ्याचा निरोप: 'आई आज स्टेजवर आहे. दोन दिवस तिचे हात थरथरताहेत. सर म्हणतात, आतली ऊर्जा जागी होतेय. तूही ये.' निरोप वाचला आणि बॅग तशीच उंबऱ्यात टाकून बाई निघाल्या.

सासूबाई स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. पण मध्ये एवढी गर्दी, की पाऊल पुढे पडेना.

"आता शास्त्र बघा," सर म्हणाले. त्यांनी व्यायामशाळा चालवणाऱ्या एका आडदांड माणसाला वर बोलावलं आणि त्याला उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला सांगितलं. मग गप्पा मारता मारता दोन बोटांनी तो हात खाली दाबला. हात पडला. हॉलमध्ये हळहळ उठली. सरांनी खिशातून एक कॅप्सूल काढली, पहिलवानाच्या जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "आता रोखा. सगळी ताकद लावून रोखा." ते दाबत राहिले. दाबून दाबून त्यांचा चेहरा लाल झाला. हात तसूभरही हलला नाही.

टाळ्यांनी छत दणाणलं.

"हे आनंदबीज. यातून काय तयार होतं? सेरोटोनिन. शब्द फोडून बघा. सेरो म्हणजे शून्य, टोनिन म्हणजे ताण. शून्य ताण. आणि हे औषध नाही बरं का. हे बी आहे. बियांनी कधी कुणाचं वाईट केलंय?"

"धोतऱ्याचंही बीच असतं," डॉक्टरीणबाई पुढे सरकता सरकता म्हणाल्या. शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे, सभ्य घरात कुणी शिवी दिल्यावर पाहावं, तसं पाहिलं.

तोवर सरांनी सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. "या ताईंचे मालक गेले. ताई वर्षभर हसल्या नव्हत्या. आज बघा. ऊर्जा कशी उसळतेय. हात बघा, पाय बघा. हे कंप म्हणजे पाझर आहे, आनंदाचा पाझर."

लोक उभे राहून बघू लागले. सासूबाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता, हनुवटी थरथरत होती आणि चपलेतला पाय जमिनीवर आपोआप ताल धरत होता. पुढच्या रांगेत त्यांचा मुलगा भारावून मोबाइलवर चित्रण करत होता.

डॉक्टरीणबाई स्टेजवर चढल्या. "आई, मी आलेय," म्हणत त्यांनी नाडी धरली. नाडी धावत होती. अंग तापलं होतं. हॉलमध्ये लख्ख उजेड, तरी डोळ्यांच्या बाहुल्या मांजरीच्या रात्रीच्या डोळ्यांसारख्या मोठ्या. बाईंनी खाली बसून सासूबाईंचं पाऊल हातात घेतलं आणि चवडा झटकन वर ढकलला. पाऊल त्यांच्या हातात शिवणयंत्राच्या पायडलसारखं धडधडू लागलं.

"बघा, बघा, किती ऊर्जा," सर म्हणाले.

"ही ऊर्जा नाही, विषबाधेसारखी अवस्था आहे," बाई नवऱ्याकडे वळल्या. "तो फोन खिशात घाल आणि गाडी दाराशी आण."

"अहो बाई, मध्येच तोडलंत तर दुःख आत अडकेल. उलट आता दोन कॅप्सूल जास्त द्यायच्या असतात."

"तुम्ही बाजूला होता की मी करू?"

सर बाजूला झाले. हसू मात्र जागच्या जागी होतं.

गाडीत बाईंनी विचारलं, "आई, त्या कॅप्सूल कधीपासून घेताय? मला तर हास्यक्लबला जाते म्हणून सांगितलं होतंत."

"तू उगाच आकांडतांडव केलं असतंस," सासूबाईंचे दात वाजत होते. "आणि तुझ्या त्या मानसोपचारवाल्याच्या गोळ्याही घेतेच आहे की. एकही चुकवली नाही. शिवाय परवा हगवण लागली, तर सर म्हणाले, दुःख बाहेर पडतंय."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. गावभर त्यांच्या शब्दाला किंमत, पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

रुग्णालयात दोन्ही औषधं तिथल्या तिथे बंद झाली. सलाइन लागलं, स्नायू शांत करणारं इंजेक्शन दिलं, ताप उतरवायला अंग पुसलं. पहिली रात्र मुलाने बाकावर बसून काढली. "कॅप्सूलच्या बाटलीवर आत कुठलं द्रव्य आहे ते सरळ छापलंय," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "मी फक्त 'नैसर्गिक' एवढंच वाचलं."

दुसऱ्या दिवशी थरथर ओसरली आणि सासूबाईंनी पहिला प्रश्न टाकला. "म्हणजे ते बी खोटं होतं?"

"बी खोटं नव्हतं, आई. खोटं असतं तर बरं झालं असतं. त्या बियांमधल्या द्रव्यापासून शरीर सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थिती सांभाळणारं रसायन, बनवतं, हे खरं आहे. तुमची गोळीही सेरोटोनिनचाच परिणाम वाढवते, पण मापात. एकाच मडक्यात दोन नळ सोडलेत, मडकं उतू गेलं."

"पण मला बरं वाटायला लागलं होतं गं."

"तुमची डॉक्टरांची गोळी काम करायला लागायला काही आठवडे लागतात. ती लागू पडत होती, तेवढ्यात तुम्ही हॉलमध्ये गेलात. उजाडणारच होतं, कोंबड्याने बांग देऊन श्रेय घेतलं."

सासूबाईंनी उशी पाठीशी घेतली. मग म्हणाल्या, "तो मला ताई म्हणायचा. शेजारी बसवायचा. घरात तुम्ही सगळे मला दिवसभर विचारता, गोळी घेतली का. तो विचारायचा, आज काय आठवलं." मग पांघरूण बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आणि मग तोच मला सर्कशीतल्या अस्वलासारखं स्टेजवर नाचवत होता. पुढच्या रविवारी मला तिथे जायचंय."

डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि पुढच्या रविवारी सासू-सून हॉलमध्ये हजर झाल्या. सासूबाईंना बघताच सरांनी माइक उचलला. "बघा, ताई परत आल्या. आनंदबीजाचा प्रताप."

"आलेय खरी," सासूबाई स्टेजवर चढत म्हणाल्या. "माझाही हात दाबून बघा ना. फक्त कॅप्सूल माझी मी घेऊन आलेय."

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? सरांनी गप्पा मारता मारता हात दाबला, हात पडला. मग सासूबाईंनी मुठीतलं काहीतरी तोंडात टाकलं. "रोखा ताई," सर म्हणाले आणि दाबू लागले. हात हलला नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत सासूबाई थांबल्या, मग तोंडात बोट घालून त्यांनी सदऱ्याचं एक बटण बाहेर काढलं आणि वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"बटणात बरीच ताकद दिसतेय," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये कुणी तरी खुदकन हसलं. या हॉलमधलं ते पहिलं न मागता आलेलं हसू असावं.

डॉक्टरीणबाईंनी पहिलवानाला वर बोलावलं. "दादा, घरचं दार कडीपाशी ढकललं तर एका बोटाने उघडतं. तेच बिजागरीपाशी ढकलून बघा, खांदा लावावा लागेल. सर पहिल्यांदा दाबतात मनगटापाशी, तेही तुम्ही बोलण्यात असताना. दुसऱ्यांदा दाबतात कोपराच्या अलीकडे, खांद्याजवळ, आणि आधी सांगतात, रोखा. ताकद कॅप्सूलची नाही, जागेची आहे. तुम्हीच माझ्यावर करून बघा."

पहिलवानाने करून पाहिलं. मनगटापाशी हात पडला, कोपराअलीकडे पडला नाही. त्याने आळीपाळीने पुन्हा करून पाहिलं, आणि त्याचे कान तांबडे झाले. मग रांगारांगांतून लोक एकमेकांचे हात दाबू लागले.

"विज्ञानाला अजून पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत," सर म्हणाले.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला ही एक चांगली कळलेली होती. न कळता कुणी दर वेळी बरोबर जागा बदलत नाही."

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. "पण मला खरंच झोप लागायला लागली बाई. ते कसं?"

"लागली असेल, काका. काहींना मदत होतही असेल, पुरावा अजून तोकडा आहे. काहींना नुसती मळमळ होते. इथे माणसं भेटतात, कुणी विचारपूस करतं, त्यानेही झोप येते. तुम्ही दुसरं काही घेता?"

"गुडघ्यासाठी एक दुखण्याची गोळी आहे. कुठली ते आठवत नाही."

"त्यातल्याही काही गोळ्या याच्याशी भांडतात. नैराश्याच्या, अर्धशिशीच्या, काही खोकल्याच्या औषधांशीसुद्धा भांडण होतं. गरोदर असाल, ऑपरेशन ठरलं असेल, तरी आधी विचारा. आणि घाबरून आपली नेहमीची गोळीही मनाने बंद करू नका, त्यानेही त्रास होतो."

सर हळूहळू मागच्या दाराकडे सरकत होते. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. दुसऱ्या गावात ते आता 'शांतिजल' विकतात म्हणे. ते प्यायल्यावरही हात पडत नाही.

इकडे त्या दिवशी हॉलमध्ये सासूबाईंनी सरांनी मागे ठेवलेला माइक उचलला. बोलायची सवय नव्हती, म्हणून माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"माझा माणूस गेला, म्हणून मी रडत होते. रडणं हा काही दंडातला दोष नाही. मला कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि जो ऐकतो तो खरं बोलत असेल, असं मी धरून चालले. त्यात माझी चूक नव्हती, पण ते माझ्या जिवावर बेतलं असतं. तोंडात काही घालण्याआधी विचारा, यात काय आहे, आणि मी आधीच जे घेते त्याच्याशी ते जुळतं का. विचारल्यावर जो चिडतो किंवा नुसता हसतो, त्याच्याकडचं घेऊ नका. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."

त्या संध्याकाळी दवाखाना बंद असूनही पायऱ्यांवर माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात घरातल्या औषधांची पिशवी होती. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, दिवा लावला आणि सगळ्यात पुढे बसलेल्या काकांची पिशवी टेबलावर रिकामी केली. सासूबाईंनी शेजारची खुर्ची ओढून घेतली. बाई गोळ्या तपासत होत्या, आणि सासूबाई रांगेतल्या एका काकूंना विचारत होत्या, "आज काय आठवलं?"