टीम लीडर दाराबाहेर

बाहेर जायला सांगितलं तरी केतकीचा हात यंत्राच्या बटणावरून निघेना. परीक्षक श्रीकांत सर छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला आले होते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी भलतीच अट घातली होती. टीम लीडर बाहेर थांबेल, उरलेले दोघं यंत्र चालवतील. मार्क तिघांना सारखे.

"तू जाय न," उर्वशी हळूच म्हणाली.

वर्कशॉपचं दार लागलं आणि केतकीचा जीव टांगणीला लागला. लहानमोठी संत्री वेगळी करणारं हे यंत्र तिचं होतं, अगदी तिचं. आराखडा तिनं काढला, मोटर तिनं बसवली. उर्वशीकडे रंगकाम दिलं आणि मयूरकडे रामाकोना गावातल्या त्याच्या बागेतून संत्री आणायचं काम. दोघांना तंबी एकच, कशाला हात लावायचा नाही. आता त्याच हातांवर तिचा निकाल होता. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

आत मोटर सुरू झाली, संत्री घरंगळू लागली. मग फटकन आवाज आला, मोटरचा पट्टा उतरला होता. असं कधीच झालं नव्हतं. केतकीनं दार ढकललं.

मयूरनं मोटर बंद केली होती. उर्वशीनं न मागता पाना त्याच्या हातात दिला. त्यानं बोल्ट सैल करून पट्टा चढवला, तिनं मोटर मागे ओढून धरली, त्यानं बोल्ट आवळले. संत्री पुन्हा घरंगळू लागली.

"सवयीचं दिसतंय," सर म्हणाले.

"नेहमीच उतरते, सर," दाराकडे पाठ असलेला मयूर म्हणाला. "केतकी जेवाले गेली का आम्ही चढवून ठेवतो."

"लीडरला सांगितलं नाही?"

उर्वशीला दारातली केतकी दिसली. तरी ती बोलली.

"सांगतलं असतं तं तिनं आम्हाले हातच लावू देल्ला नसता."

केतकीचे कान तापले. आधी राग आला, मग लाज वाटली आणि ती लाज काही जाईना.

सरांनी केतकीला पाहिलं, पण बाहेर पाठवलं नाही. त्यांनी यंत्र पुन्हा एकदा चालवायला सांगितलं. मयूर संत्र्यांचं कॅरेट घ्यायला वाकला, तर ते जागेवर नव्हतं. केतकीनं ते उचलून कमरेवर घेतलं होतं.

"तू बटणापाशी थांब," ती म्हणाली. "संत्री मी टाकते."