उपेक्खा

झोप लागली की तिची डावी मूठ आधी सुटते. आत दुमडलेला अंगठा बाहेर येतो, मग करंगळी, मग उरलेली बोटं जवळपास एकदम. उजवी मूठ मात्र बराच वेळ मिटलेलीच राहते. त्या सकाळी दोन्ही सुटल्या, ती गाढ झोपली, आणि दुपारी नामकरणात माझ्या या लेकीला काय नाव द्यायचं ते माझं अजून ठरलेलं नव्हतं.

घरात सगळे तिला गुड्डी म्हणत. ती पाच महिन्यांची झाली होती. नाव ठेवायचा मान सगळ्यांनी मला दिला होता आणि मी तो घेऊन अडकून बसले होते.

माझ्या मनात एकच नाव होतं. उपेक्खा. लहानपणी बुद्धवंदनेनंतर माझे वडील आमच्याकडून चार पाली शब्द म्हणवून घेत: मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. प्रेम, दया, दुसऱ्याच्या सुखात सुख, आणि चौथा, मनाचा समतोल. मैत्री, करुणा, मुदिता या नावांच्या मुली आमच्या नारी रोडवर गल्लीगल्लीत सापडतील. चौथ्या नावाची एकही मला भेटलेली नाही. मराठीत त्या शब्दाचं रूप होतं उपेक्षा, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं दुर्लक्ष.

ती पोटात असताना सोनोग्राफीत तिच्या हृदयाजवळ एक ठिपका दिसला होता. काही नसेलही, बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या ‘बघू’वर मी उरलेले महिने काढले. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तराजूचा आकडा हलत असेल तोवर तो लिहायचा नसतो, थांबायचं असतं. थांबणं मला जमतं असं मला वाटायचं. जमलं नाही. पोटावर हात ठेवून मी तो चौथा शब्द, उपेक्खा, घोकत राहायचे. ठिपका पुढे नाहीसा झाला, शब्द तेवढा राहिला.

“उपेक्षा मेश्राम,” हर्षित, माझा नवरा, आरशासमोर भांग पाडत म्हणाला. “विचार कर. हजेरी घेताना सर म्हणतील, उपेक्षा आली का? मागून पोरं म्हणतील, सर, लक्ष देऊ नका.”

“उपेक्खा. ख आहे त्यात.”

“ख तू म्हणशील. शाळावाले क्षच लिहितील.”

मी मेणबत्त्या मांडल्या, उचलल्या, पुन्हा मांडल्या. गुड्डीचं झबलं बदललं. ते घामानं भिजलं म्हणून पुन्हा बदललं. उमरेडहून आलेली नणंद करिष्मा माझ्या मागे मागे फिरत होती. “वहिनी, सांगून टाक ना. भिंतीवर काय लावू मी? नुसते फुगे?”

तेवढ्यात केक आला. आदल्या दिवशी हर्षितनं बेकरीत फोन करून ‘सध्या उपेक्षा लिहून ठेवा’ असं सांगितलं होतं. खोका उघडला तर गुलाबी अक्षरांत ‘अपेक्षा’. हर्षितनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

“भाऊ, मले वाटलं तुमची जीभ घसरली,” बेकरीवाला म्हणाला. “पोरीचं नाव कोनी उपेक्षा ठेवते का?”

करिष्मा हसून हसून सोफ्यावर बसली. “घ्या! बेकरीवाल्याले बी समजते. वहिनी, हेच ठेव. एका अक्षराचा तर फरक.”

“अपेक्षा म्हणजे तर अगदी उलट.”

“उलट काय नि सुलट काय! गोड तर आहे ना?”

हर्षितही आशेनं माझ्याकडे बघू लागला. मी स्वयंपाकघरात गेले.

सासूबाई खीर ढवळत होत्या. इतक्या महिन्यांत त्या या नावाबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

“आई, तुम्हाला काय वाटतं?”

“मले कोन पुसते?” त्यांनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली. “माह्या नावाचा अर्थ ठाऊक हाय तुले?”

त्यांचं नाव अंतकला. मला ते कुठल्याशा कलेचं नाव वाटायचं.

“कला-बिला काई नाई वं. मी पाचवी पोरगी. आता अंत होऊ दे म्हनून बापानं ठेवलं.” त्या हसल्या. “मंग सहावी झाली! माहेरी मौद्याच्या शाळेत बाई पुसे, सासरी आली तं इथं पुसत, राशनच्या लायनीत पुसत. दरवेळी मलेच सांगा लागे, का मी नको होती म्हनून.”

“पण या नावाचा अर्थ चांगला आहे, आई. मी तिला नीट समजावून सांगेन.”

“तू एकडाव सांगशीन. सांगत तं तिलेच फिरा लागन ना, जनमभर.”

मी ओट्यावरचे वेलदोडे सोलायला घेतले.

“बाप वाईट नव्हता माहा,” त्या गॅस बारीक करत म्हणाल्या. “पोरींचं भेव होतं त्याले. आपलं भेव त्यानं माह्या नावात टाकून देलं अन् मोकळा झाला. जा आता, धम्मानंदभाऊ आले असन.”

विधी करणारे धम्मानंदकाका येऊन बसले होते. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून कूलर बंद केला होता आणि सगळे मिळेल त्या कागदानं वारा घेत होते. मी गुड्डीला घेऊन बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. माझे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं: आपलं भेव त्यानं माह्या नावात टाकून देलं. आणि माझी भीती, त्या ठिपक्याची?

“बाळाचं नाव?” काकांनी विचारलं.

करिष्मानं मोबाइल वर धरला. हर्षितनं केकच्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणीच कागद हलवत नव्हतं.

“मुदिता,” मी म्हणाले. आवाज फार लहान निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले, “मुदिता हर्षित मेश्राम.” आणि कोणी विचारलं नव्हतं तरी दाराकडे बघून सांगितलं, “उपेक्खा मलाच हवी होती, आई. ती माझ्यापाशी राहू द्या.”