मानेमागची तीन बटणं

"पाठीतलं काढून खांद्याला लावणार, ते ठीक आहे हो. पण मग पाठीला कमी नाही का पडणार?"

दादानं असं विचारलं आणि सर्जनबाई पेन खाली ठेवून हसायलाच लागल्या. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण उपयोग शून्य. माझा भाऊ हाडाचा शिंपी. समोर माणूस आला की आधी त्याच्या खांद्याचा उतार बघणार, मग चेहरा.

"नाही पडणार, मास्तर," बाई म्हणाल्या. "पाठीतला एक मोठा स्नायू आहे. तो आत्ता तिचा हात खाली ओढतो. त्याचं एक टोक सोडवायचं आणि खांद्याच्या मागे नेऊन शिवायचं. मग तोच स्नायू हात वर उचलायला मदत करील."

"म्हणजे अल्टर."

"अल्टरच म्हणा."

दादाची लेक, आमची ठकी, शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या हाताची गोष्ट चाललीय. जन्मताना पोर चांगलीच गुबगुबीत होती. डोकं बाहेर आलं, खांदा अडकला, आणि त्या ओढाताणीत मानेतल्या नसा ताणल्या गेल्या. डावा हात मऊ कापडासारखा पडून राहिला. पुढे बोटं हलली, कोपरही वाकायला लागलं, पण खांदा काही जागा होईना. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. दुसरीत गेली तरी तसाच.

"एक मात्र ऐका," निघताना बाई गंभीर झाल्या. "शिवण माझी. हात उचलायचा तो तिनंच. नव्या जागी गेलेल्या स्नायूला नवं काम शिकावं लागतं. तिनं वापरलाच नाही, तर माझी शिवण कितीही चांगली असली तरी फुकट."

ऑपरेशन नीट झालं. आमचा जीव टांगणीला लागला होता, आणि ठकीबाई भुलीतून उठल्या त्या "भूक लागली" म्हणतच. पण प्लास्टर बघून मला हसावं की रडावं कळेना. डावा हात कोपरात वाकवून, पंजा वर करून, पार डोक्याच्या उंचीला बांधलेला. तशीच ती काही आठवडे हिंडली. थांब्यावर नसतानाही बस थांबायला लागल्या. समोरच्या गच्चीवरच्या काकू रोज हात हलवून दमल्या. वर्गात शिक्षिका सवयीनं "हं, बोल" म्हणायच्या आणि ही बोलायची! येत असो वा नसो. दादानं त्या प्लास्टरवरून चढेल असा, एका बाजूनं पूर्ण उघडणारा झगा शिवला, तर वर्गातल्या दोघी-तिघींनी घरी जाऊन तसाच झगा मागितला म्हणे.

प्लास्टर निघालं. हात खाली आला, आणि खालीच राहिला.

व्यायामाच्या बाई दवाखान्यात तो हलकेच वर न्यायच्या, तेव्हा छान जायचा. सोडला की ठकी उजव्या हातानं काम उरकून मोकळी. दिवस जात होते. वहिनीनं बेकरीतली सकाळची पाळी बदलून घेतली, व्यायाम चुकू नये म्हणून. तरी तेच. शेवटी बाई म्हणाल्या, "मला तुमचं घर बघू द्या."

बाई आल्या. चहाला नको म्हणाल्या आणि नुसत्या बघत बसल्या. ठकीनं मान वळवली की मी पाण्याचा पेला तिच्या उजवीकडे ठेवत होते. वहिनी पावाला लोणी लावून तुकडे करत होती. तिची खुर्ची, दप्तर, कंगवा, सगळं उजवीकडे. इतक्या वर्षांत आम्हाला ते दिसेनासंच झालं होतं. मग बाईंनी दोरीवरचा एक फ्रॉक काढला.

"हा कुणी शिवला?"

"मीच," दादा फुलला. "उजव्या बगलेखाली उघडतो. कमरेला इलॅस्टिक. डावी बाही मुंढ्यातच मोठी ठेवलीय, हात आपोआप सरकतो आत. एका हातानं, डोळे मिटून घालता येतो!"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "इतका छान शिवलात, मास्तर, की डाव्या हाताला काही कामच ठेवलं नाहीत. आता असा शिवा, जो दोन्ही हातांशिवाय घालताच येणार नाही. मानेच्या मागे बटणं लावा. हात मानेमागे जायला हवा, त्यासाठीच तर ऑपरेशन केलंय."

दादाचा चेहरा पडला. त्या गेल्यावर तो मला म्हणाला, "घालणाऱ्याला त्रास होईल असं कापड मी जन्मात शिवलेलं नाही."

"मग आता शिव," मी म्हटलं.

झालं! आधी म्हणे हवा तो दोरा नाही. मग म्हणे गिऱ्हाइकांची घाई आहे. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तेव्हा कुठे एका सकाळी फ्रॉक तयार होऊन हँगरला लागला. निळा, पांढरी कॉलर, मानेमागे तीन सुरेख बटणं. ठकी आत गेली आणि हां हां म्हणता घालून बाहेर आली. बाई आल्या तेव्हा आम्ही तिला ऐटीत पुढे उभी केली.

"कमाल आहे!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सहज एका बटणाखाली बोट घातलं.

बटण नुसतं वरून टाचलेलं होतं. खाली काज नव्हतंच, पट्टी आतून पक्की शिवलेली. आणि गळा एवढा सैल, की डोकं सरळ आत जावं.

मी अशी भडकले म्हणता! आमच्या दुकानात काजं माझ्याकडे. वीस वर्षं मी हातानं काजं करतेय, आणि हा माणूस मला चुकवून खोटी बटणं लावतो? "अरे, गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाहीस, आणि पोटच्या पोरीला?"

दादा खाली बघत राहिला. "रडते गं ती," तो म्हणाला. "हात वर नेताना रडते. ती जन्मली तेव्हा मला काहीच करता आलं नाही. तेव्हापासून एवढंच करत आलोय, तिला अडू द्यायचं नाही. आता तेही करू नको म्हणता."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी दादानं ती पट्टी स्वतःच उसवली. गळा मापात आवळला, बटणं लावलेली असताना डोकं जाणार नाही इतका. काजं माझ्याकडे दिली.

"जरा सैल कर हं," हळूच म्हणाला.

"डोंबल तुझं सैल! नेहमीसारखीच होणार."

पुढचे दिवस घरात नुसता गोंधळ. फ्रॉक फेकला गेला. मला 'दुष्ट आत्या' म्हणून झालं. वहिनी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायची. हात कानापर्यंत जायचा आणि परत यायचा. मग शाळेत फोटोचा दिवस आला आणि ठकीनंच फर्मान काढलं, "मी निळाच घालणार. कुणी आत यायचं नाही."

दार बंद झालं. आम्ही तिघं बाहेर. आतून खुर्ची पडल्याचा आवाज, मग शांतता, मग फ्रॉकला दिलेल्या शिव्या.

"आता बास," दादा दाराकडे निघाला.

मी आडवी उभी राहिले. "पाऊल टाकून बघ."

"अगं, फोटो चुकेल तिचा!"

"चुकू दे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगते, माझाही धीर सुटत आला होता. अजून जरा वेळ गेला असता तर मीच दार उघडलं असतं.

दार आतून उघडलं. केसांचं पार घरटं झालेलं, चेहरा लालबुंद, घामानं निथळलेली. "लावली!" म्हणाली आणि गर्रकन पाठ केली.

वरचं बटण मधल्या काजात होतं. मधलं खालच्यात. खालचं तसंच लोंबत होतं आणि कॉलर एका बाजूनं कानाला टेकली होती. पण बटणं खरी होती, काजं माझी होती आणि आत दुसरं कुणी नव्हतं.

वहिनी तर मटकन खालीच बसली, हसत आणि रडत. दादाचा हात मात्र आपोआप पुढे झाला, पार तिच्या मानेपर्यंत. वाकडं बटण या माणसाला रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या अंगावरही बघवत नाही. हात तसाच थांबला. मग त्यानं तो मागे घेतला आणि दोन्ही हात खिशात घातले.

"चला, उशीर होतोय," तो म्हणाला.

मायलेकी निघाल्या. पायरीवर ब्लाउज न्यायला आलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी वळून बघितलं. "अहो मास्तर, पोरीची बटणं चुकलीत की! आणि तुमच्या घरात?"

"हो," दादा म्हणाला. "तिनं लावलीत."

ती वाकडी कॉलर कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो पायरीवर उभा होता. मग त्या बाईंना ब्लाउज दिला आणि आत येऊन मशीनवर बसला. एरवी या वेळेला ठकीच्या पुढे-मागे करता करता त्याच्या नाकीनऊ येत; आज हात रिकामे होते. त्यानं खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून बघितली. भरलेलीच होती. ती तशीच परत बसवली आणि पाय मशीनच्या पायडलवर ठेवून तो थोडा वेळ नुसता बसून राहिला.