कडेच्या ताऱ्यांचा वेग

राजापेठेतल्या फुलांच्या दुकानात माणिकबाई शेवंती ओवत बसल्या होत्या. शिक्षण चौथी, जीभ मात्र कात्रीसारखी. नात रागिणी शेजारी बसून फोनवर आलेख दाखवत होती. चक्राकार दीर्घिकांच्या पार कडेला तारे नि वायू किती वेगानं फिरतात, हे ती पीएचडीसाठी मोजत होती.

"आजी, एक बाजू आपल्याकडे येऊन राहिली, दुसरी दूर चालली. त्यावरून वेग समजते. लोकायले वाटे, मधले जोरात पळतील, कडेचे रेंगाळतील."

"मंग?"

"कडेचेबी तेवढ्याच जोरात पळतात. न दिसणारं काहीतरी वजन त्यायले धरून आहे."

"हे समजाले एवढं शिका लागते? मले इचारलं असतं!"

नवरा जाऊन बत्तीस वर्षं झाली. याच दुकानावर माणिकबाईंनी घर पोसलं आणि पोटच्या पोराच्या लग्नात मांडवाबाहेर बसल्या. अपमानाचा तो घास त्यांनी गिळला नव्हता. गालात धरून ठेवला होता.

रविवारी दर्यापूरला रागिणीचा साखरपुडा. तोरणापासून हारापर्यंत सारी फुलं माणिकबाईंच्या हातची. नातीची ओटी भरायला त्या उठल्या, तशा अकोल्याच्या विहीणबाई कौशल्या आडव्या आल्या.

"आजी, शुभकार्य आहे. तुमी बाहेर बसा. पोरीच्या भल्यासाठीच सांगून राहिली."

रागिणीनं नवऱ्या मुलाकडे पाहिलं. रोहित बुटांकडे पाहत पुटपुटला, "आजच्या दिवस आईचं मन राखू ना."

माणिकबाई बाहेर गेल्या. चपलांच्या ढिगाजवळ एक म्हातारी आधीच बसलेली. इंदूबाई, कौशल्येची सासू. सख्ख्या नातवाचा साखरपुडा, अन् ही इथं!

"तुमालेबी?"

"मले सवय आहे, बाई."

माणिकबाई ताडकन उठल्या. मांडवात शिरून त्यांनी तोरणालाच हात घातला.

"माह्या हाताचा अपशकून होते ना, कौशल्याबाई? हे तोरण माह्या हाताचं. हा हार माह्या हाताचा." माळा खसाखसा खाली आल्या. "अन् तुमच्या अंबाड्यातली वेणी? थेबी मीच गुंफली. काढता, का मी काढू?"

साऱ्या पाहुण्यांदेखत कौशल्येनं वेणी सोडली.

रागिणीनं अंगठीची डबी मिटून रोहितच्या हातात ठेवली. "आज आजी चपलांपाशी. उद्या मीबी तिथंच. मोजून झालं माह्यं."

माणिकबाईंनी ती वेणी उचलली आणि बाहेर येऊन कौशल्येच्या डोळ्यांदेखत इंदूबाईंच्या पांढऱ्या केसांत माळली.

"सुकली तरी काढू नका. रोज दिसू द्या तिले."

इंदूबाईंनी वेणी चाचपली. मग चपला पायात सरकवून त्या अकोल्याला परतायच्या गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. कौशल्येची जागा होती ती.

वाचणाऱ्यानं पुढच्या लग्नात जेवायला बसण्याआधी मांडवाबाहेर एकदा डोकावावं. चपलांपाशी आपल्या घरचं कोण बसलंय?