नळीखालचं लाकूड

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रायफल आहे. दचकू नका. माझ्या पोटात गोळी नाही आणि आता कुणी भरणारही नाही. एका स्वयंपाकघरात, दोन लाकडी खुंट्यांवर मी आडवी टांगलेली आहे. समोर चूल, बाजूला खिडकी, खिडकीबाहेर बर्फ. मला बघणारे विचारतात, "ही पुढून अशी बोडकी का?" तेच आज सांगते. मनात फार दिवस साचलंय.

माझा जन्म फिनलंडमधला. माझी पोलादी नळी भूर्जाच्या लाकडात बसवली, तेव्हा ते लाकूड दस्त्यापासून थेट माझ्या तोंडाजवळ पोचायचं. उगाच बढाई मारत नाही, पण देखणी होते हो मी! पहिल्याच हिवाळ्यात लढाई पेटली आणि मला ओइवा नावाच्या पोराच्या हाती दिलं. पोराला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. रात्रपाळीच्या पहाऱ्यावर तो माझा दस्ता बर्फात टेकवायचा आणि मला छातीशी धरून उभा राहायचा. झोप लागली तर थंडीने जीव जाईल, म्हणून तो चाकूच्या टोकाने कोरत बसे. नळीखालच्या लाकडावर, खालच्या अंगाला, त्याने आपलं नाव कोरलं. नावाखाली एक छोटी होडी काढली. सरकारी वस्तूवर कोरणं हा गुन्हा, पण हवालदाराने पाहून एवढंच म्हटलं, "होडी बरी जमलीय. वल्हं मात्र वाकडं आहे."

मी माझं काम केलं. ते काम काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याची शाबासकी मला नको.

एका सकाळी ओइवाचा हात माझ्यावरून सुटला. त्याला स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर घालून मागे नेलं. तो जगला की गेला, मला आजतागायत माहीत नाही. रायफलीला कोण कळवणार? मग आणखी हात आले, आणखी हिवाळे आले. लढाई संपली आणि आम्ही कोठारात पडलो. पुढे सरकारला आमची अडगळ झाली. आम्हाला घाऊक भावाने विकलं, गंजू नये म्हणून अंगभर दाट तपकिरी ग्रीस फासलं आणि पेट्यांत घालून समुद्रापार धाडलं. अमेरिकेतल्या एका गोदामात मी मुरत घातलेल्या लोणच्याच्या फोडीसारखी पडून होते.

इथून पुढचं काही मी भिंतीवरून ऐकलेलं आहे. सांगणारी साइमी, या घरची सून. तिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून बरं, कारण तिचा नवरा रेइनो आणि सासू आउने ही दोघं म्हणजे मुलखाची अबोल. मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाला, तांब्याच्या खाणींच्या या गावात सगळी घरं फिनलंडहून आलेल्यांचीच. इथे मनातलं बोलून दाखवणाऱ्याला उथळ समजतात.

रेइनो खाणीत कामाला. नोव्हेंबरात हरणाची शिकार सुरू होते आणि त्याची जुनी बंदूक मोडली होती. मासिकाच्या मागच्या पानावर त्याने जाहिरात पाहिली आणि जेवताना वाचून दाखवली, "फिनलंडच्या लष्करातून निघालेल्या रायफली, घरपोच." आउनेच्या हातातलं विणकाम थांबलं.

"फिनलंडच्या?" तिने विचारलं.

"हो. स्वस्त आहेत. पुढचं लाकूड कापलं की हलकी होते, सगळे तसंच करतात."

ती पुन्हा विणू लागली. पण मित्रांनो, त्या क्षणापासून त्या घरात माझी खरी वाट रेइनो नव्हे, ती पाहत होती. का, ते सांगते. आउनेला दोन मुलगे. देश सोडला तेव्हा थोरला रेइनो पाच वर्षांचा होता आणि धाकटा वेइक्को दोन. वेइक्कोला डांग्या खोकला झाला होता. बोटीच्या डॉक्टरने त्याला चढू दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आणू म्हणून त्याला आजीपाशी ठेवला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेने नवा कायदा केला आणि इकडे येणाऱ्यांसाठी दार बंद झालं. ते त्याच्यासाठी उघडलंच नाही. तो तिकडेच वाढला आणि माझ्या त्याच पहिल्या हिवाळ्यात सैनिक होऊन जंगलात गेला. त्या देशात लढाईत पडलेल्या प्रत्येक पोराला गावच्या चर्चशेजारी आणून पुरायची रीत आहे. वेइक्को सापडलाच नाही. तिकडे दगडावर त्याचं नुसतं नाव आहे, आणि आईने तो दगडही पाहिलेला नाही. त्याचा सदरा नाही, फोटो नाही. तिला फक्त एकदा हात लावायला काहीतरी हवं होतं, त्या बर्फातून आलेलं. पण हे ती कुणाला सांगेल तर ना!

मागणी गेली आणि वाट पाहणं सुरू झालं. रोज कामावरून येताना रेइनो स्टेशनात डोकवायचा. मालाच्या खिडकीवर उर्हो नावाचा थट्टेखोर माणूस बसायचा.

"आली का?"

"आले ना, बटाटे आले. नेतोस?"

"उर्हो, चेष्टा पुरे."

"अरे घरी जा बाबा! आली की तिला चालतीच पाठवतो. लष्करातली आहे, कूच करत येईल!"

घरी साइमी टपलेलीच असायची. "माझ्या बाळंतपणाला एवढा जीव टांगणीला लागला नव्हता तुझा!" आणि चुलीपाशी बसून आउने हळूच विचारायची, "आली का रे?" रेइनो मान हलवायचा. त्याला वाटायचं, आईला धास्ती वाटतेय. लढाईतली वस्तू घरात येणार, जुनी जखम पुन्हा उघडणार. मागवली नसती तर बरं झालं असतं, असंही त्याच्या मनात आलं. पण विचारलं नाही.

पहिला बर्फ पडला आणि मी पोचले. रेइनोने हातगाडीवरून पेटी ओढत आणली. फळी उचकटली, कागद सोडला आणि साइमी किंचाळली.

"अगं बाई! हे काय, काकवीत बुडवून पाठवलीय का? उचल आधी, माझ्या टेबलावर नाही!"

"साउन्यात टांगतो," रेइनो म्हणाला. साउना म्हणजे अंगणातलं लाकडी न्हाणीघर. आत दगडांची भट्टी पेटवून शनिवारी सगळं घर वाफ घेतं. "उष्णतेने ग्रीस आपोआप गळेल."

"साउन्यात? माझी दोन्ही लेकरं तिथं जन्मली. मामंजींना शेवटची आंघोळ तिथं घातली. तिथं बंदूक टांगणार? अक्कल गहाण टाकलीस का?"

तेव्हा आउने उठली. म्हणाली, "ने तिला. लांबून आलीय ती. तिलाही आंघोळ घालू दे."

मी कधी रडले नव्हते, पण त्या वाक्याने मला भरून आलं. आपल्या माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली.

साउन्यात माझ्या अंगावरून ग्रीस ओघळू लागलं. आउनेने जुन्या फडक्यांचा गठ्ठा घेतला आणि रेइनोला बाहेर घालवलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ती बोटांनीच बघायची. दस्ता पुसला, कळ पुसली, नळी पुसली. मग तिची बोटं नळीखालच्या लाकडावर आली आणि थबकली. तिने विणायची सुई घेतली, खाचांतलं ग्रीस हळूहळू कोरून काढलं आणि पुन्हा बोट फिरवलं.

"ओ... इ... वा." मग होडी. मग वाकडं वल्हं.

तिने सुई खाली ठेवली. मग कपाळ त्या लाकडाला टेकवून म्हणाली, "कुणाचा रे तू?"

नाव वेइक्कोचं नव्हतं, हे तिला पक्कं कळत होतं. ती काही भ्रमिष्ट नव्हती. पण वेइक्कोच्या वयाचं, त्याच्यासारखंच थंडीत उभं राहिलेलं कुणाचं तरी पोर तिच्या हाताला लागलं होतं. मला केवढं सांगायचं होतं! पोर हसरं होतं, घोगऱ्या आवाजात गायचं. पण रायफलीला एकच शब्द येतो, आणि तो कुठल्याच आईला ऐकवण्याजोगा नाही.

मला भिंतीवर टांगलं. त्यानंतर रोज संध्याकाळी भांडी आवरली की आउने यायची, हात वर करायची आणि खालून त्या नावावर बोटं फिरवायची. "झोप हं बाळा," म्हणायची आणि जायची. माझ्या उभ्या जन्मात असा हात माझ्यावरून फिरला नव्हता. मला वाटलं, चला, म्हातारपण सुखाचं जाणार.

पण एकदा रेइनोने दारातून पाहिलं. आईचा हात माझ्यावर आणि गालावर पाणी. तो मागच्या मागे फिरला. साइमीला म्हणाला, "ही भिंतीवर आली तेव्हापासून आई रडतेय. हिचं लष्करी रूप तिला सोसत नाही. कापून साधी शिकारीची बंदूक करून टाकतो. नाहीतरी कापायचीच होती."

"अरे, पण विचार ना तिला!"

"काय विचारू? विचारून आणखी रडवू?"

मित्रांनो, त्याला दुष्ट म्हणू नका. आईवरच्या मायेनेच त्याने करवत उचलली.

शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सासूसून शेजारी कॉफीला गेल्या होत्या. त्याने मला मागच्या खोपट्यात नेऊन लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यात पकडलं, नळी वर आणि लाकूड खाली. नाव खालच्या अंगाला होतं. त्याने मला एकदा, फक्त एकदा पालथी करून पाहिलं असतं तर! करवत चालू झाली. खर्र, खर्र. कापलेलं टोक त्याने कानशीने गुळगुळीत केलं, तेल लावलं, मला पुन्हा खुंट्यांवर ठेवलं आणि समाधानाने मान डोलावली. निघालेला तुकडा तेलकट होता, छान पेटणारा. शनिवारच होता. त्याने तो साउन्याच्या भट्टीत सारला.

संध्याकाळी आधी बायका साउन्यात गेल्या. आउनेने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि सुनेला म्हणाली, "आज वाफ काय गोड लागतेय गं! अगदी तिकडच्या घरच्यासारखी." हे साइमी पुढे ज्याला त्याला सांगायची आणि सांगताना एप्रनच्या टोकाने डोळे टिपायची.

आउने ओल्या केसांनी, लाल गालांनी स्वयंपाकघरात आली. नेहमीसारखा हात वर केला. हात हवेत गेला. तिने थोडं डावीकडे चाचपलं, मग उजवीकडे. गार नळी लागली.

"रेइनो, पुढचं लाकूड?"

"काढलं, आई. तुला त्रास होत होता ना. आता बघ, शिकारीची वाटते की नाही?"

"लाकूड कुठं आहे?"

"लाकूड होय? भट्टीत घातलं. का गं?"

ती खाली बसली. तिच्या केसांतून अजून वाफ निघत होती. "त्याच्यावर नाव होतं," ती म्हणाली. "ओइवा. कुणाचं तरी पोर होतं रे. मी रोज त्याला झोपवत होते. वेइक्कोला नाही झोपवता आलं, म्हणून त्याला झोपवत होते."

रेइनोचा चेहरा राखेसारखा झाला. तो कंदील घेऊन तसाच पळाला आणि धगधगत्या भट्टीत हात घालू लागला. साइमीने त्याला ओढून बाहेर काढलं. आत काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावाभोवतीच्या जंगलातून शिकारीच्या बंदुका वाजू लागल्या. मला कुणी खाली काढलं नाही. भाजलेल्या हाताला फडकं बांधून रेइनो आईसमोर बसला होता. कॉफी निवून गेली. मग चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"आई, वेइक्को कसा होता गं?"

आउने खिडकीकडे बघत राहिली. "कान धरून झोपायचा," ती म्हणाली. "माझा नाही. तुझा."

रेइनोचा हात आपल्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. एवढा मोठा खाणकामगार, ढसाढसा रडला. आईने त्याला थोपटलं, आणि मग ती बोलत राहिली, पार दिवेलागणीपर्यंत.

आता आउने नाही. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी तिचा हात तिथेच जायचा, जिथे लाकूड नव्हतं. हवेवरूनच बोटं फिरवायची आणि म्हणायची, "झोप हं बाळा." रेइनोने मला कधी शिकारीला नेलं नाही. तोही आता म्हातारा झालाय. भांडी आवरली की येतो, माझ्या बोडक्या नळीखाली हात धरतो आणि मग दिवा मालवतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. जुनी वस्तू कापण्याआधी, फेकण्याआधी, चुलीत घालण्याआधी तिला एकदा पालथी करून बघा. आणि घरातलं कुणी तिच्यापाशी रडताना दिसलं, तर करवत शोधायला जाऊ नका. जवळ जाऊन बसा आणि विचारा, "काय झालं गं?"