गढीच्या जिन्याची सातवी पायरी

मी दगड बोलतोय. हसू नका. माणसं एकमेकांना दगड म्हणतात ती शिवी म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण माणसांच्या आधी उशाशी आणि मग पायाखाली दीडशे वर्षं काढल्यावर माझंही त्यांच्याबद्दल काही मत झालं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही.

आमचं गाव जर्मनीतलं फाल्केनहाल्डे. वर उमरावाची गढी, खाली नदी, आणि मधल्या उतरणीवर एकमेकांना खेटून उभी असलेली लाकडी चौकटींची घरं. माझा जन्म नदीपलीकडच्या खाणीतला. अठराशे अडुसष्ट साली हिर्श लेव्हिंगर नावाचा गुरांचा व्यापारी तिथे आला. त्याची बायको ब्रेन्डेल बाळंतपणात गेली होती. मूल जगलं होतं. बैल पारखावा तसा त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला, कुठे चीर नाही ना हे तीनदा पाहिलं, आणि मग मान डोलावली.

माझ्यावर वर हिब्रू अक्षरं कोरली आणि खाली जर्मनमध्ये नाव घातलं: ब्रेन्डेल लेव्हिंगर, वय चोवीस. टेकडीवरच्या ज्यूंच्या दफनभूमीत मी तिच्या उशाशी उभा राहिलो. हिर्श दर वर्षी यायचा. तो थकल्यावर मुलगी येऊ लागली, मग नात. मला काम असं काहीच नव्हतं, फक्त एक नाव सांभाळायचं होतं. ते मी चौऱ्याहत्तर वर्षं नीट सांभाळलं.

एकोणीसशे एकेचाळीसच्या डिसेंबरात गावात उरलेल्या शेवटच्या अकरा ज्यूंना स्टेशनवर नेलं. त्यांत ब्रेन्डेलची पन्नाशीतली नात होती. आदल्या दिवशी ती टेकडीवर आली, माझ्यावरचं शेवाळ तिने नखांनी खरवडलं, आणि खाली गेली. त्यानंतर माझ्याकडे तिच्या घरचं कुणी आलं नाही.

पुढच्या वसंतात गॉटलोब रेन्ट्शलर आला. तो गावचा पाथरवट, एका पायाने लंगडा, म्हणून सैन्यातून सुटलेला. गढीवर जाणारा बावीस पायऱ्यांचा जिना सातव्या पायरीशी खचला होता, आणि नगरपालिकेने त्याला सांगितलं होतं की दगड टेकडीवरचे घे, तिथे आता विचारायला कोणी नाही. गॉटलोब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला त्याचा राग तरी धड करता आला असता.

बाकीचे दगड फोडून स्टेशनच्या रस्त्याच्या भरावात गेले. मी जिन्याच्या रुंदीला बरोबर बसत होतो म्हणून वाचलो, अर्थात डोक्यावरची गोलाई छिन्नीने उडवून घेतल्यावर. गॉटलोबची आठ वर्षांची मुलगी पाउलीन त्याला दुपारचा पाव आणून द्यायची. मला टेकडीवरून उपटलं तेव्हा ती तिथे होती, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात बसवायला घेतलं तेव्हाही होती. नुकतीच वाचायला शिकलेली पोर. दिसेल ते मोठ्याने वाचायची. माझ्यावरचंही तिने वाचलं, "ब्रेन्डेल."

गॉटलोबने चुन्याने माखलेला हात तिच्या तोंडावर दाबला. "मी पालथा घालतोय ना," तो म्हणाला. "नावावर कुणाचा पाय पडणार नाही. आता हे कुणाजवळ बोलायचं नाही, आईजवळसुद्धा नाही." चुन्याने भाजून तिचे ओठ दोन दिवस सोललेले होते.

असा मी सातवी पायरी झालो. नाव चुन्यात आणि पाठ उन्हात.

आमच्या भागात झाडण्याची पाळी असते. एक लाकडी पाटी दर आठवड्याला दारोदार फिरते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने शनिवारी जिना झाडायचा. धूळ असो वा नसो, झाडायचाच, आणि शेजारणींनी खिडकीतून कोपरे मोजायचे. पाउलीन मोठी झाली, शाळेत शिवण शिकवू लागली, लग्न तिने केलं नाही. पाळी आली की ती सहा पायऱ्या झाडायची, सातवी सहावीवरूनच वाकून झाडायची, आणि मला ओलांडून आठवीवर पाय टाकायची. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी ओलांडायची, गुडघे धरले तरी ओलांडायची. आळीतल्या बायका टोमणे मारायच्या, "काय गं पाउलीन, सातवीवर तुझा नवरा झोपलाय का?" ती म्हणायची की ती पायरी हलते. मी हलत नव्हतो.

पण गावाला कारण लागत नाही, रीत लागते. पोरं तिची नक्कल करून मला ओलांडू लागली. त्या पोरांची लग्नं झाली तेव्हा सातवी पायरी तुडवणं अशुभ असं ठरून गेलं होतं. मग नवऱ्याने नवरीला उचलून माझ्यावरून न्यायचं आणि खाली वऱ्हाडाने टाळ्या वाजवायच्या, असा थाट सुरू झाला. पुढे गढी दाखवणाऱ्यांनी त्याला गोष्टही जोडली: उमरावाची मुलगी लग्नाच्या सकाळी या पायरीवर घसरून मेली म्हणे. उमराव होता हे खरं. त्याला मुलगी नव्हती. गावाच्या माहितीपुस्तकात ही गोष्ट चित्रासकट छापली आहे, आणि लांबलांबची जोडपी गढीत लग्न करायला येतात ती तिच्यासाठी. दर उन्हाळ्यात टाळ्या सुरू झाल्या की पाउलीन आपली जिन्याकडची खिडकी लावून घ्यायची.

दोन हजार एकोणीसमध्ये गावाला सातशे वर्षं होणार होती. जिना दुरुस्त करायचं काम मिळालं रायनरला, म्हणजे गॉटलोबच्या नातवाला, पाउलीनच्या भावाच्या मुलाला. त्याच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत "रेन्ट्शलर, पाथरवट, तिसरी पिढी" असं लिहिलेलं आहे. आता आमच्याकडे काटकसरीला देवाच्या खालोखाल मान. झिजलेली पायरी कोणी टाकून देत नाही, उलटी करतात. खालची कोरी बाजू वर येते आणि पायरी पुन्हा शंभर वर्षांना होते. बाकीच्या एकवीस पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या होत्या. मी मात्र जसाच्या तसा होतो. मला तुडवलंय कुणी? म्हणून रायनरने ठरवलं की सातवीला हात लावायचा नाही, भोवती सिमेंट भरायचं आणि वर उमरावाच्या मुलीची पितळी पट्टी ठोकायची.

मी घाबरलो होतो. दगडही घाबरतो. जिवंत माणसांत माझं नाव ठाऊक असलेली एकच बाई उरली होती, आणि ती पंच्याऐंशीची होती.

त्या शनिवारी पाटी तिच्याच दारावर होती. ती झाडू घेऊन आली तेव्हा रायनर सिमेंट कालवत होता.

"आत्या, आज राहू दे. सगळं ओलं आहे."

"सातवी उलटी नाही केलीस?"

"ती कशाला? नव्यासारखी आहे. एकदा सिमेंट भरलं की माझ्या नातवंडांनासुद्धा बघायला नको."

पाउलीनने झाडू भिंतीला टेकवला. "तो थडग्याचा दगड आहे, रायनर. खाली नाव आहे. ब्रेन्डेल लेव्हिंगर. तुझ्या आजोबांनी पालथा घातला, आणि मी इथे उभी होते."

आधी त्याला हसू आलं. म्हातारपणाचं काहीतरी, असं वाटलं असेल. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि खोरं खाली ठेवलं. तो हळू आवाजात समजावू लागला. आठ दिवसांवर उत्सव आहे, वरच्या चौकाला आजोबांचं नाव आहे, सगळं गाव इथे असणार. "इतकी वर्षं गप्प बसलीस ना? अजून पंधरा दिवस बस. मग आपण दोघं मिळून बघू."

"पंधरा दिवसांत सिमेंट वाळेल," ती म्हणाली. "आणि मी गेले की तू विसरशील. चांगला मुलगा आहेस, म्हणूनच विसरशील. तुला ते सहन व्हायचं नाही."

त्याने पुन्हा खोरं उचललं. तेव्हा तिने सत्त्याहत्तर वर्षांत केलं नव्हतं ते केलं. ती माझ्यावर चढून उभी राहिली, दोन्ही पाय जोडून.

"मी इथून उतरणार नाही. एक तर पहार घे, नाहीतर माझ्या पायांभोवती सिमेंट भर."

किती हलकी होती ती. इतकी वर्षं मी तिच्या पायांची वाट पाहत होतो असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, पण खरंच पाहत होतो. रायनरने खोरं टाकलं, तिला हात देऊन खाली घेतलं आणि पहार उचलली.

मी उताणा झालो. अक्षरांत चुना भरला होता; रायनरने तो बोटाने काढला आणि नाव वाचलं. दुपारपर्यंत ते गावभर झालं.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. नगराध्यक्षांनी मला पालिकेच्या गोदामात ठेवलं आणि उत्सवानंतर विचार करू म्हणून सांगितलं. जिन्यात माझ्या मापाचा नवा दगड बसला. पुढच्याच महिन्यात एका नवरीला त्याच्यावरूनही उचलून नेलं आणि टाळ्या वाजल्या. पाउलीन बेकरीत शिरली की रांगेतलं बोलणं थांबायचं. कोणी तिला म्हणालं, बापाचं नाव घालवलंस. कोणी म्हणालं, मग इतके दिवस काय करत होतीस? हे दुसरं तिला फार लागलं. रायनरची दोन कामं गेली, तरी तो तिच्याकडे रोज जेवायला जात राहिला.

शेवटी शहरातून ज्यू समाजाचे एक वृद्ध गृहस्थ आले. दगड जिचा आहे तिला परत द्या, एवढंच ते म्हणाले. पण ती कुठे आहे? दफनभूमीची नोंदवही जळून गेली होती आणि टेकडीवर नुसतं गवत होतं. पाउलीन म्हणाली, मला जागा आठवते.

ऑक्टोबरात रायनरने मला गाडीत घातलं, तिला पुढे बसवलं आणि टेकडीवर नेलं. ती काठी टेकत ओकच्या झाडाशी गेली, तिथून पावलं मोजली, डोळे मिटले आणि म्हणाली, "इथे." रायनरने मला तिथे रोवलं. त्या गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. पाउलीन रायनरच्या बाहीत तोंड खुपसून रडली आणि म्हणाली, आता मला झोप लागेल. जानेवारीत ती गेली.

आता जे सांगतोय ते मी कुणालाच सांगू शकलो नाही. पाउलीन चुकली. तिच्या लहानपणीचा ओक एका वादळात पडला; हा आहे तो शेजारी नंतर वाढलेला. ती "इथे" म्हणाली तेव्हा मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. आणि असतं, तरी तिचा तो चेहरा पाहून मी ओरडलो असतो की नाही, सांगता येत नाही.

मी उभा आहे तो झ्यूसमान नावाच्या पाववाल्याच्या उशाशी. त्याचा दगड स्टेशनच्या रस्त्याखाली आहे. तेव्हा तुम्ही कधी या टेकडीवर आलात आणि माझ्यावरचं नाव वाचलंत, तर तिथेच थांबू नका. आधी इथे क्षणभर मान लववा आणि झ्यूसमान म्हणा; ते नाव आता फक्त मलाच ठाऊक आहे. मग डाव्या हाताला दोन पावलं सरका. ब्रेन्डेल तिथे आहे.